अदृश्य ऊर्जेचे माप घेणारा शास्त्रज्ञ : सॅम्युएल लँग्ली

विज्ञानाच्या इतिहासात काही थोर माणसांच्या वाट्याला विचित्र कीर्ती येते. त्यांनी जे साधले ते विस्मृतीत जाते आणि जे साधले नाही तेच लोकांच्या लक्षात राहते. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ सॅम्युएल पियरपॉन्ट लँग्ली यांची गणना अशा माणसांत करावी लागेल. राइट बंधूंच्या आधी विमान उडवू पाहणारे आणि ज्यांचे विमान दोनदा नदीत कोसळले असे गृहस्थ, एवढीच त्यांची ओळख सर्वसामान्य वाचकाला असते. परंतु आज एखादा हौशी रेडिओचालक आपल्या सूक्ष्मलहरी ॲम्प्लिफायरमधून नेमकी किती वॅट शक्ती बाहेर पडते हे पडताळून पाहतो, तेव्हा त्या मोजणीच्या मुळाशी लँग्ली यांनी जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी तयार केलेले एक नाजूक उपकरण असते. त्या उपकरणाचे नाव बोलोमीटर.

व्होल्टमीटर जेथे थांबतो

घरातल्या विजेचा दाब आणि प्रवाह मोजणे सोपे असते. बल्ब किंवा शेगडीच्या बाबतीत या दोहोंचा गुणाकार केला की शक्तीचा आकडा हाती येतो. कमी कंप्रतेच्या रेडिओलहरींपर्यंतही हा मार्ग थोडी काळजी घेतल्यास चालतो. सूक्ष्मलहरींच्या प्रदेशात मात्र तो बंद होतो. जगभर ‘हॅम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हौशी रेडिओचालकांचा एक आवडता पट्टा १० गिगाहर्ट्झचा आहे. तेथे लहरीची लांबी अवघी ३ सेंटिमीटर असते. अँटेनाकडून थोडी जरी शक्ती परत फिरली, तरी केबलवर बोटभर पुढे सरकताच विजेचा दाब बदललेला आढळतो. मोजण्यासाठी जोडलेली तारच मंडलाचा भाग बनते आणि माप बिघडवून टाकते.

अशा वेळी भरवशाचा एक जुना उपाय उरतो. ती शक्ती एखाद्या वस्तूत पूर्णपणे जिरू द्यावी आणि त्यातून निर्माण झालेली उष्णता मोजावी. उष्णतेला लहरीच्या लांबीशी कर्तव्य नसते. सूर्यकिरण असो, रेडिओलहर असो वा बॅटरीचा प्रवाह असो, एक वॅट शक्ती जिरली की एका वॅटचीच उष्णता निघते. प्रश्न एवढाच की अत्यल्प उष्णता मोजावयाची कशी? या प्रश्नाचे सर्वांत समर्थ उत्तर लँग्ली यांनी दिले आणि तेही रेडिओसाठी नव्हे, सूर्यासाठी.

आराखड्यांकडून आकाशाकडे

लँग्ली यांचा जन्म २२ ऑगस्ट १८३४ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील बोस्टननजीकच्या रॉक्सबरी येथे झाला. लहानपणापासून त्यांना दुर्बिणीचे वेड होते. तथापि १८५१ मध्ये शालेय शिक्षण पुरे झाल्यावर ते महाविद्यालयात गेले नाहीत. उपजीविकेसाठी त्यांनी स्थापत्य आणि अभियांत्रिकी आराखड्यांचे काम पत्करले व काही वर्षे शिकागो आणि सेंट लुईस या शहरांत घालवली. पुढे आयुष्यभर उपयोगी पडलेली हाताची सफाई आणि रेखांकनाचे कौशल्य याच काळात त्यांच्या अंगी बाणले.

वयाच्या तिशीत ते बोस्टनला परतले. धाकटे बंधू जॉन यांच्या साथीने त्यांनी स्वतः दुर्बिणी तयार केल्या आणि नंतर दोघांनी युरोपातील वेधशाळांचा दौरा केला. परत आल्यावर हार्वर्डच्या वेधशाळेत साहाय्यक, मग नौदल अकादमीत गणिताचे अध्यापक अशा पायऱ्या चढत १८६७ मध्ये ते पिट्सबर्गजवळच्या ॲलेघनी वेधशाळेचे संचालक झाले. पदवी नसलेला माणूस केवळ स्वकर्तृत्वावर या पदापर्यंत पोहोचला, ही त्या काळातही असाधारण गोष्ट होती.

वेधशाळा नावालाच होती. उपकरणे अपुरी आणि तिजोरी रिकामी. लँग्ली यांनी यावर व्यवहारी तोडगा शोधला. ताऱ्यांच्या वेधांवरून अचूक वेळ काढावी आणि ती तारायंत्राने रेल्वेला विकावी, अशी योजना त्यांनी आखली. १८६९ पासून पेनसिल्व्हेनिया रेल्वेला वेधशाळेची वेळ जाऊ लागली आणि त्या उत्पन्नावर संशोधनाचा खर्च निघू लागला. विल्यम थॉ या उद्योगपतीचाही भक्कम आधार त्यांना लाभला.

त्यांच्या स्वभावाची कल्पना १८७२ च्या एका प्रसंगावरून येते. वेधशाळेच्या मोठ्या दुर्बिणीचे भिंग चोरीस गेले आणि चोराने खंडणी मागितली. एकदा पैसे दिले तर देशातील कोणतीही दुर्बीण सुरक्षित राहणार नाही, असे म्हणून लँग्ली यांनी साफ नकार दिला. पुढे भिंग सापडले, पण त्यावर ओरखडे पडलेले होते. ते पुन्हा घासून घ्यावे लागले. दरम्यानच्या काळात लँग्ली यांचे लक्ष सूर्याकडे वळले होते. १८७३ च्या अखेरीस त्यांनी काढलेले एका सौरडागाचे चित्र इतके बारकाईचे होते, की छायाचित्रणाची प्रगती होऊनही ते अनेक वर्षे पाठ्यपुस्तकांत छापले जात राहिले.

दोन पट्ट्यांचे उपकरण

सूर्य किती उष्णता देतो आणि ती वर्णपटातील कोणत्या रंगात किती वाटलेली असते, हा लँग्ली यांच्या ध्यासाचा विषय बनला. विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये साध्या तापमापकाने तांबड्या रंगापलीकडचे अवरक्त किरण शोधले होते. त्यानंतर थर्मोपाइल नावाचे साधन आले. तथापि वर्णपटाचा एक अरुंद पट्टा वेगळा काढून त्याची उष्णता मोजण्याइतके ते संवेदनशील नव्हते.

१८७८ च्या सुमारास लँग्ली यांनी नव्या उपकरणावर काम सुरू केले आणि दोन-तीन वर्षांत ते पूर्णत्वास नेले. त्याची रचना सांगावयास सोपी आहे. प्लॅटिनमच्या अतिशय पातळ, काजळी चढविलेल्या दोन पट्ट्या घेतल्या. एक झाकून ठेवली व दुसरीवर किरण पडू दिले. धातू तापला की त्याचा विद्युत्‌रोध किंचित वाढतो. दोन्ही पट्ट्या व्हीटस्टन सेतू या मंडलाच्या दोन बाजूंना जोडल्या होत्या. दोहोंचा रोध समान असेतो गॅल्व्हॅनोमीटरची सुई स्थिर राही. किरण पडलेली पट्टी यत्किंचितही तापली की तोल ढळे आणि सुई हलू लागे. आजूबाजूची हवा गरम झाली तर दोन्ही पट्ट्या सारख्याच तापत, त्यामुळे फसगत होत नसे.

या उपकरणाला अंशाच्या एक लाखाव्या भागाएवढा तापमानातील फरक जाणवत असे. ‘किरण’ आणि ‘माप’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून त्याला बोलोमीटर हे नाव मिळाले. पाव मैलावर चरणाऱ्या गाईच्या अंगाची उष्णताही ते टिपते, अशी दंतकथा त्याच्याविषयी पसरली. प्रत्यक्षात त्याने टिपले ते याहून मोलाचे होते. लँग्ली यांनी सौर वर्णपटाचा अवरक्त भाग पूर्वी कोणी पाहिला नव्हता इतक्या दूरवर रेखाटला. चंद्राकडून येणारी क्षीण उष्णताही त्यांनी फ्रँक व्हेरी या सहकाऱ्यासह मोजली. १८९६ मध्ये स्वीडिश शास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनी हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढल्यास पृथ्वी किती तापेल याचे गणित मांडले, तेव्हा त्यांनी चंद्राविषयीची हीच निरीक्षणे वापरली होती. आज हवामानबदलाच्या चर्चेत लँग्ली यांचे नाव क्वचितच निघते, पण त्या चर्चेच्या पायाचा एक दगड त्यांनी बसवला आहे.

व्हिटनी पर्वत आणि एक चूक

जमिनीवर पोहोचणारी उष्णता मोजली, तरी वाटेत हवेने किती शोषली हे कळल्याशिवाय सूर्याची खरी देणगी समजत नाही. त्यासाठी एकच निरीक्षण दोन उंचींवरून करणे आवश्यक होते. १८८१ च्या उन्हाळ्यात लँग्ली यांनी कॅलिफोर्नियातील सुमारे ४,४०० मीटर उंचीच्या व्हिटनी पर्वताची निवड केली. थॉ यांचा पैसा, रेल्वेची सवलत आणि लष्कराची मदत यांच्या बळावर मोहीम निघाली. नाजूक काचसामान आणि गॅल्व्हॅनोमीटर वाळवंटातील रणरणत्या उन्हातून नेऊन, पुढे खेचरांच्या पाठीवरून डोंगरावर चढविण्यात आले. पायथ्याच्या लोन पाइन या गावी एक तुकडी आणि उंचावरच्या तळावर दुसरी, अशी निरीक्षणे झाली.

मोहिमेतून वातावरणाविषयी विपुल माहिती हाती आली. परंतु अखेरच्या आकड्यात लँग्ली चुकले. वातावरणाबाहेर एका चौरस सेंटिमीटरवर दर मिनिटाला पडणारी सौर उष्णता, म्हणजेच सौर स्थिरांक, त्यांनी सुमारे ३ कॅलरी ठरविला. आजचे मान १.९५ कॅलरीच्या आसपास, म्हणजे चौरस मीटरला सुमारे १,३६१ वॅट आहे. बोलोमीटरने दगा दिला नव्हता. हवेत वाटेवर किती ऊर्जा हरवली याचा अंदाज त्यांनी वाजवीपेक्षा फार मोठा धरला आणि त्या दुरुस्तीने मूळ मापाचा तोल घालविला. पुढे त्यांचेच साहाय्यक चार्ल्स ॲबट यांनी अधिक चांगल्या साधनांनी वर्षानुवर्षे निरीक्षणे करून हा आकडा सुधारला.

पोटोमॅकच्या पाण्यात

१८८७ मध्ये लँग्ली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे सचिव, म्हणजे प्रमुख झाले. त्यांच्या कारकिर्दीत राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय उभे राहिले आणि १८९० मध्ये खगोलभौतिकीची स्वतंत्र वेधशाळा स्थापन झाली. याच काळात उड्डाणाच्या प्रश्नाने त्यांना झपाटले. ६ मे १८९६ रोजी त्यांचे वाफेच्या इंजिनावर चालणारे, सुमारे ४ मीटर रुंदीच्या पंखांचे माणूसविरहित यंत्र पोटोमॅक नदीवर सुमारे एक किलोमीटर उडाले. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल त्या वेळी उपस्थित होते. हवेपेक्षा जड यंत्र स्वतःच्या इंजिनावर दूरवर उडू शकते, याचा हा ठोस पुरावा होता.

लँग्ली येथेच थांबले असते, तर कदाचित सन्मानाने निवृत्त झाले असते. पण १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध पेटले आणि माणूस वाहून नेणाऱ्या यंत्रासाठी अमेरिकेच्या युद्ध खात्याने ५० हजार डॉलर मंजूर केले. चार्ल्स मॅन्ली या तरुण अभियंत्याने ५२ अश्वशक्तीचे, त्या काळी अजोड ठरावे असे हलके इंजिन तयार केले. इंजिनाची शक्ती काटेकोरपणे मोजली गेली. यंत्राचा सांगाडा मात्र लहान प्रतिकृतीच मोठी करून बनविला होता. आकार चौपट झाला तरी ताण चौपटच राहत नाहीत, ते कितीतरी अधिक वाढतात, याची पुरेशी परीक्षा झाली नाही.

७ ऑक्टोबर १९०३ रोजी नदीतील नौकेवरून सुटताच विमान मॅन्लीसह पाण्यात पडले. ८ डिसेंबरला दुसरा प्रयत्न झाला, तेव्हा मागचा भाग हवेतच मोडला आणि मॅन्ली बर्फाळ पाण्यातून थोडक्यात बचावले. त्यानंतर नवव्या दिवशी, १७ डिसेंबर १९०३ रोजी, राइट बंधूंनी स्वतःच्या खिशातील तुटपुंज्या पैशांवर इतिहास घडविला. वृत्तपत्रांनी लँग्ली यांची यथेच्छ टर उडविली, काँग्रेसमध्ये सरकारी पैशाच्या उधळपट्टीवर टीका झाली. सत्तरी गाठत आलेल्या या अविवाहित, अबोल शास्त्रज्ञाला तो घाव सोसला नाही. १९०५ मध्ये संस्थेच्या लेखापालाची अफरातफर उघडकीस आली. तिची नैतिक जबाबदारी स्वतःकडे घेऊन त्यांनी वेतन स्वीकारणे बंद केले. २७ फेब्रुवारी १९०६ रोजी साउथ कॅरोलायनातील एकेन येथे त्यांचे निधन झाले.

मृत्यूनंतरही वाद शमला नाही. १९१४ मध्ये लँग्ली यांचे विमान बरेच फेरफार करून उडविण्यात आले आणि ते मुळातच उड्डाणक्षम होते, असा दावा स्मिथसोनियनने केला. संतापलेल्या ऑर्व्हिल राइट यांनी आपले विमान १९२८ मध्ये लंडनच्या संग्रहालयात पाठविले. संस्थेने हा दावा १९४२ मध्ये मागे घेतला. माघारीचे ते निवेदन काढणारे तत्कालीन सचिव होते, चार्ल्स ॲबट! गुरूच्या सौर स्थिरांकाची दुरुस्ती करणाऱ्या शिष्यालाच गुरूच्या नावाने उभा राहिलेला दुसरा फुगीर आकडाही खाली आणावा लागला.

सूर्याकडून रेडिओकडे

बोलोमीटर मात्र लँग्ली यांच्या हयातीतच सूर्य सोडून इतरत्र निघाला होता. १८९० मध्ये जर्मनीत हाइनरिक रूबेन्स यांनी हर्ट्झच्या नव्या विद्युत्‌लहरी मोजण्यासाठी त्याचा उपयोग केला. १९०२ मध्ये रेजिनाल्ड फेसेंडेन यांनी केसाहून बारीक प्लॅटिनमच्या तारेचा ‘बॅरेटर’ तयार करून त्याच तत्त्वावर रेडिओ संदेश ग्रहण केले. स्वीडनचे क्नुट अँगस्ट्रॉम आणि जर्मनीचे फर्डिनांड कुर्लबाउम यांनी १८९० च्या दशकात एक मोठी सुधारणा केली. किरणांनी जेवढी उष्णता दिली तेवढीच विजेने देऊन पाहावयाची आणि विजेचे माप हेच किरणांचे माप मानावयाचे.

सूक्ष्मलहरींचा पॉवर मीटर याच युक्तीवर उभा राहिला. त्याच्या टोकाला थर्मिस्टर नावाचा, धातूंच्या ऑक्साइडचा सूक्ष्म मणी असतो. तापला की त्याचा रोध घटतो. लँग्ली यांच्यासारख्याच सेतूमंडलात तो ठराविक प्रवाहाने एका ठराविक रोधावर राखलेला असतो. ॲम्प्लिफायरकडून सूक्ष्मलहरी आल्या की मणी अधिक तापू पाहतो. मंडल लगेच प्रवाह कमी करून त्याला पूर्ववत करते. विजेची जेवढी शक्ती कमी करावी लागली, तेवढीच शक्ती लहरींनी आणली. एका पट्टीच्या जागी मणी आला आणि सुईच्या जागी आकडे आले, तत्त्व तेच राहिले. पुढे थर्मोकपल आणि डायोडचे मीटर अधिक रूढ झाले, पण प्रमाण प्रयोगशाळांत अशा मीटरांची शहानिशा करण्यासाठी आजही उष्णतेच्याच कसोटीचा आधार घेतला जातो.

आणि लँग्ली यांना व्हिटनी पर्वतावर नडलेली अडचण हौशी रेडिओचालकालाही सोडत नाही. थर्मिस्टर मणी साधारणपणे १० मिलिवॅटपर्यंतच शक्ती सोसतो. १०० वॅटचा ॲम्प्लिफायर थेट जोडला तर तो क्षणात जळून जाईल. म्हणून मुख्य शक्ती ‘डमी लोड’मध्ये जिरू देतात आणि डायरेक्शनल कपलर व ॲटेन्युएटर यांच्या साहाय्याने तिचा एक लाखावा हिस्सा, म्हणजे १ मिलिवॅट, मीटरकडे वळवितात. या घटीलाच अभियंते ५० डेसिबल म्हणतात. मीटरवरचा आकडा मग एक लाखाने गुणावयाचा असतो. वाटेतील घट ५० ऐवजी ४९ डेसिबल असेल आणि ते ध्यानात आले नाही, तर १०० वॅटच्या जागी सुमारे १२६ वॅट असल्याचा भ्रम होतो. केबल आणि सांधे यांतील घट सूक्ष्मलहरींच्या कंप्रतेला बरीच असते. म्हणून जाणकार हॅम आधी घट मोजतो आणि नंतरच ॲम्प्लिफायरचा आकडा सांगतो. लँग्ली यांच्या सौर स्थिरांकातील चूक डेसिबलच्या भाषेत मांडली, तर ती दोन डेसिबलहून किंचित कमीच भरेल. त्यांच्या मार्गात पृथ्वीचे अवघे वातावरण हाच ॲटेन्युएटर होता आणि त्याची घट मोजण्याचे साधन त्यांना स्वतःच शोधावे लागले होते.

एवढी काटेकोर मोजणी हौशी माणसाने का करावी, असा प्रश्न पडू शकतो. परवान्यातील मर्यादा पाळणे आणि अँटेनासमोर उभ्या असलेल्यांची सुरक्षितता ही कारणे आहेतच. पण हॅम मंडळींचा खरा कस चंद्रावरून संदेश परतविताना लागतो. जुलै १९६० मध्ये मॅसॅच्युसेट्स आणि कॅलिफोर्निया येथील हौशी मंडळांनी १,२९६ मेगाहर्ट्झवर चंद्राच्या पृष्ठभागावरून परस्परांशी पहिल्यांदा दुतर्फा संपर्क साधला. अँटेनांनी मिळवून दिलेला लाभ बाजूला ठेवला, तर या कंप्रतेला पाठविलेल्या शक्तीचा परत येणारा भाग एकावर सत्तावीस शून्ये दिल्यावर होणाऱ्या संख्येने भागावा इतका क्षुल्लक असतो. तेथे एक डेसिबलही वाया घालवून चालत नाही आणि किती वाया गेले हे कळण्यासाठी आधी शक्तीचे खरे माप हवे.

लँग्ली यांच्या नावाने पुढे अमेरिकेची पहिली विमानवाहू नौका निघाली, विमानतळ झाला आणि वैमानिकी संशोधनाचे मोठे केंद्रही उभे राहिले. हे सारे सन्मान त्यांच्या उड्डाणाच्या स्वप्नाला मिळाले. सूर्याची उष्णता मोजण्याच्या एका एककालाही ‘लँग्ली’ असे नाव देण्यात आले, पण ते अभ्यासकांपुरतेच राहिले. २००९ मध्ये अवकाशात गेलेल्या युरोपच्या प्लँक उपग्रहाने विश्वाच्या आरंभकाळातील सूक्ष्मलहरींचा क्षीण अवशेष टिपला, त्यातही केवळ शून्याजवळ थंड केलेल्या बोलोमीटरांचा वाटा होता. पोटोमॅकच्या काठी हसे झालेल्या या शास्त्रज्ञाच्या पट्टीने सूर्यापासून विश्वाच्या पहाटेपर्यंत आणि प्रयोगशाळेपासून हौशी रेडिओचालकाच्या टेबलापर्यंत सारे मोजून झाले आहे.